चासीला प्लेट लावली आहे

आमची पिकअप विकायला काढली तेव्हा गाडीचं वय चौदा होतं आणि वडिलांचं सदुसष्ट. दोघांपैकी आधी कोण रस्त्यात बसणार, या काळजीने मला अन्न गोड लागत नव्हतं. मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात कस्टमर केअरला आहे. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि गोड आवाजात सांगायचं, "काळजी करू नका, तुमचं काम झालं आहे." त्या वर्षी टेबलावरचा माझा स्वतःचा मोबाइल थरथरला की मी आधी नंबर बघायची. कल्याणहून कोणाचाही फोन आला तरी वाटायचं, आता हा माणूस सांगणार, पप्पांचं काहीतरी झालं.

त्याआधीच्या दिवाळीपासून पप्पांना एक विचित्र त्रास सुरू झाला होता. बोलता बोलता, जेवता जेवता ते मध्येच थांबायचे. घास हातात तसाच, डोळे उघडे, पण हाक मारली तरी ओ नाही. वीस-पंचवीस सेकंद, कधी अर्धं मिनिट. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढचा घास घ्यायचे. त्यांना स्वतःला यातलं काहीही कळायचं नाही. मी सांगितलं की चिडायचे. "विचार करत होतो. माणसाने विचार पण करायचा नाही काय?"

एका शनिवारी मी त्यांच्या शेजारी पिकअपमध्ये बसले होते. कल्याणात सिग्नल हिरवा झाला, मागचे सगळे हॉर्न मारायला लागले आणि पप्पा समोर बघत बसलेले. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. समोरून क्लासची मुलं रस्ता ओलांडत होती. मी त्यांचा दंड धरून हलवला, तर म्हणाले, "अगं सुटला काय सिग्नल?" आणि गिअर टाकला.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "यांना गाडी चालवू देऊ नका. एक दिवससुद्धा नको." सांगायला काय जातं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं लग्न मोडून मी परत आले तेव्हा या माणसाने एक प्रश्न विचारला नव्हता, फक्त पिकअप घेऊन आले आणि माझं सामान भरून मला घरी आणलं. त्यांच्या हातातून स्टेअरिंग कसं काढून घ्यायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

भांडले. रडले. चावी पिठाच्या डब्यात लपवली, तर त्यांच्याकडे दुसरी होती. आरटीओला कळवते म्हणून धमकी दिली, तर म्हणाले, "कळव. नंबर देऊ?" शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच मला समोर बसवलं. "हे बघ बाय, गाडी दारात उभी आहे तोवर मी ड्रायव्हर आहे. उभी गाडी सडते, तिला फिरवायलाच लागते. तू गाडी वीक. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मी स्टेअरिंग सोडतो. शब्द." पप्पांचा शब्द म्हणजे आमच्या वस्तीत सही-शिक्क्याच्या वर होता. लोक घराचे व्यवहार करताना त्यांना मध्ये बसवायचे. मला हायसं वाटलं. म्हटलं, गाडी विकायला असा किती वेळ लागणार.

त्यांची अट एकच होती. गाडी भंगारात द्यायची नाही. चालवणाऱ्याला द्यायची.

ही अट का, ते सांगायला हवं. दर एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तसबिरीचा रथ व्हायचा तो आमच्या पिकअपचा. सलग अकरा वर्षं. वस्तीत दुसऱ्या गाड्या आल्या, नव्या आल्या, ए.सी.च्या आल्या, पण रथाचा मान आमच्याच गाडीला. आदल्या दिवशी फॅब्रिकेटर यायचा आणि लोखंडी सांगाडा उभा करायचा. त्यावर फुलं, निळे झेंडे, दिवे, मागे जनरेटर. पोरं वर चढून नाचायची, तेव्हा सांगाडा हलू नये म्हणून त्याचे पाय नट-बोल्टने न बांधता थेट चासीलाच वेल्डिंग करायचे. दुसऱ्या दिवशी कटरने कापून मोकळे. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. पप्पा शेजारी उभे राहून सांगायचे, "मजबूत मार रे, तसबीर हलली नाय पाहिजे." चासी म्हणजे ज्याच्यावर अख्खी गाडी तोलून असते ती खालची लोखंडी चौकट. तिला उभ्या आयुष्यात वेल्डिंगची आच लावू नये, हे कोणीही मेकॅनिक सांगेल. पप्पांनाही माहीत होतं. पण त्या एका दिवशी ते ड्रायव्हर नसायचे.

जिथे जिथे आच लागली तिथला रंग जळाला आणि तिथूनच गंज धरला. वर्षभराचा धंदा होता ओल्या मालाचा. शहाडच्या पुढे जीन्स धुणारे कारखाने, तिथून ओल्या पँटींचे गठ्ठे भरायचे आणि सुकवायच्या मैदानावर, तिथून इस्त्रीला पोहोचवायचे. गठ्ठ्यांतून निळं पाणी हौद्यात झिरपायचं, हौद्यातून चासीवर. त्या पाण्यात काय काय औषधं असतात देव जाणे, पप्पांच्या बोटांची कातडी निघायची, तिथे लोखंडाचं काय. वरून गाडी झकास. दर रविवारी धुतलेली, पुसलेली. खालून तिचे मागचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगा, जिथे चासीला धरलेले असतात, तिथेच ती सर्वांत जास्त खाल्ली गेली होती.

गिऱ्हाइकं येत होती. फोटो बघून यायची, आरटीओचं पासिंग विचारायची, पासिंगला आठ महिने बाकी आहेत म्हटल्यावर खूश व्हायची. मग वाकायची. खोपटला डेपोच्या मागे राहणारा एकजण आला, त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून चासीला टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो पुसून खिशात ठेवला आणि चहाही न घेता गेला. डोंबिवलीचा एक भाजीवाला खाली बसला, नखाने खरवडलं, लाल पोपडे त्याच्या मांडीवर पडले. म्हणाला, "मॅडम, ही चासी नाय, पापड आहे." मी त्याच्याबरोबर हसले आणि तो वळल्यावर जिन्यात बसून रडले. एका महिन्यात चौदाजण वाकले आणि चौदाजण गेले.

आणि पप्पा रोज गाडी काढत होते. एवढं मात्र होतं की खाली काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते जपून चालवायचे. अर्धाच माल भरायचे, डाव्या बाजूने, सावकाश, खड्डा आला की जवळजवळ थांबायचे. "म्हातारी आहे, तिला गर्दीत पळवायची नाय," म्हणायचे. मी ऑफिसात बसून कारखान्यात फोन लावायची, पिकअप पोहोचली का. मैदानावर फोन लावायची, पोहोचली का. तिथले लोक कंटाळले. एकाने सरळ सांगितलं, "ताई, तुमचे पप्पा लहान बाळ आहेत काय?" दोनदा मी सुट्टी टाकून रिक्षाने त्यांच्या मागे मागे फिरले. पिकअपचा ब्रेक लाइट लागला की मी सेकंद मोजायची. अशी मी त्या दिवसांत झाले होते. वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

पत्रीपुलाच्या पलीकडे गाड्यांची पत्र्याची कामं करणारा एकजण आहे, त्याच्याकडे मी गाडी नेली. म्हणजे नेली पप्पांनीच, मी शेजारी बसले. ते रिक्षाने घरी परतल्यावर त्याने गाडी उचलून बघितली आणि मला सरळ हिशोब सांगितला. नीट करायचं तर हौदा उतरवावा लागेल, सडलेला भाग कापावा लागेल, दोन्ही बाजूंना सहा एमएमची प्लेट लावावी लागेल. महिना जाईल. "आणि त्यानंतरही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाय. आजूबाजूचं पण कच्चं आहे."

"दुसरं काही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अशी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असणार. "ब्रश मारतो. भोकांत लांबीची पुट्टी भरतो. वरून काळं डांबर मारतो. दोन दिवसांत देतो. दिसायला नवी, पण चालायला आहे तीच. विकायची आहे ना?"

महिनाभर तरी पप्पा गाडीला हात लावणार नाहीत, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. पण महिन्यानंतर काय? पुन्हा तीच गाडी, पुन्हा दारात, पुन्हा पप्पा. मी अर्धा तास त्याच्या टपरीबाहेर उभी राहिले. समोरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. मला नीट माहीत होतं मी काय करतेय. मला कोणी फसवलं नाही, कोणी भरीस घातलं नाही. मी आत जाऊन म्हटलं, "करा."

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "काय म्हणतो?"

"प्लेट लावतोय. दोन दिवसांत देतो म्हणाला."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना."

"जाडी किती?"

"सहा एमएम."

 त्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. "एवढं काम दोन दिवसांत करतो? कारागीर आहे मग. तू उभी राहून करून घे हं."

"हो, मी उभीच राहणार आहे," मी म्हटलं. एवढं एकच त्यात खरं होतं. डांबर मारताना मी तिथे उभी होते.

त्यांनी बिल मागितलं नाही, खाली वाकून बघितलं नाही. कमरेमुळे वाकता येत नव्हतं, आणि मी सांगितल्यावर बघायचं कशाला? माझा बाप मला असाच ओळखत होता.

पंधरावं गिऱ्हाईक आठवड्याने आलं. शहाडला राहणारा, चाळिशीचा, वीस वर्षं रिक्षा चालवलेला माणूस. बायकोला सोबत घेऊन आला होता. रिक्षा विकून पिकअप घ्यायची, पप्पांचाच जीन्सचा धंदा पुढे चालवायचा, असं त्याच्या मनात होतं. गाडी बघितली आणि तो थबकलाच. "काका, ही मिरवणुकीतली गाडी ना? अहो, मी नाचलोय हिच्या पुढे! पोरगा होता माझा दीड वर्षाचा, त्याला हिच्यावर चढवून तसबिरीच्या पाया पाडलेलं." त्याच्या बायकोने पदर सावरला आणि बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

तरी माणूस व्यवहारी होता. त्याने खिशातला रुमाल काढला, झटकला, जमिनीवर अंथरला आणि गाडीखाली जायला एक गुडघा टेकला. 

पप्पा म्हणाले, "बघ, बिनधास्त बघ. चासी गंजलेली, खोटं नाय बोलत. पण आता दोन्ही बाजूंना प्लेट लावलीय, सहा एमएम. माझ्या मुलीने उभं राहून करून घेतलंय. माझा शब्द आहे."

तो तसाच गुडघ्यावर थांबला. मग उठला, रुमालाची घडी केली आणि खिशात टाकली. "काका, तुम्ही बोललात ना, संपलं. रथाच्या गाडीखाली घुसून टॉर्च मारू काय मी? मला पण लाज आहे."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. चौदाजणांनी न विचारता टोचून बघितलं होतं. या एकाने बघितलं नाही, ते आमच्या गाडीच्या मानामुळे आणि माझ्या वडिलांच्या शब्दामुळे. म्हणजे आमच्यावर ज्याने सर्वांत जास्त विश्वास टाकला त्यालाच मी फसवत होते. हे मला तेव्हाच कळत होतं, नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण मला त्याची दया आली नाही. मला फक्त पप्पांच्या हातातली चावी दिसत होती आणि ती त्याच्या हातात कधी जाते याची घाई झाली होती. मी आत गेले आणि साखर घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या हातावर ठेवली.

गाडी गेली त्या संध्याकाळी पप्पा रिकाम्या जागेकडे बघत बराच वेळ गॅलरीत उभे होते. मग म्हणाले, "जाऊ दे. चांगल्या माणसाकडे गेली." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा दिनक्रम लावून घेतला. सकाळी नऊला विहारातल्या वाचनालयात जातो म्हणून निघायचे, दुपारी जेवायला घरी. खुशीत दिसायचे. मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली. ऑफिसात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही गाणं गुणगुणताय."

ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी बसच्या खिडकीतून एक पिकअप दिसली, पुढे नवरा-बायको आणि मध्ये पोर. झालं. त्यानंतर मला रस्त्यावर दुसरं काही दिसेना. खड्डा दिसला की पाटा चासीतून सुटताना दिसायचा. त्याचा मुलगा आता केवढा असेल, शाळेला पिकअपमधूनच जात असेल का. कस्टमर केअरला एक बाई फोनवर ओरडत होती, "तुम्ही सगळं झालंय सांगता आणि झालेलं काहीच नसतं!" आणि मी हेडफोन काढून ठेवला. सुपरवायझर आला तर त्याला म्हटलं, मला बरं नाही.

नवव्या दिवशी सकाळची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शहाडला गेले. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवत होते. त्याला सांगायचं, गाडी परत द्या, तुमचे पैसे परत घ्या. पुढे पप्पांचं काय करायचं ते बघू. पायावर डोकं ठेवायला लागलं तरी ठेवायचं, एवढं ठरवून मी त्याच्या दाराशी पोहोचले.

तो घरी नव्हता. त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिला आनंदच झाला. "या ना ताई. हे माल आणायला गेलेत. काका पण आहेत सोबत."

"कोण काका?"

"तुमचे पप्पा. रोजच येतात ना." माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा सुपातला हात थांबला. "तुम्हाला सांगितलं नाय काय त्यांनी? ह्यांना रिक्षाची सवय. पिकअप भरून न्यायची म्हटलं की अजून हात बसत नाय, चढावर मागे येते. काका म्हणाले, पंधरा दिवस मी येतो, कारखान्याची ओळख पण करून देतो. शिकवायला म्हणून येतात, पण खरं तर गाडी काकाच चालवतात. मला म्हणाले, मुलीला नको सांगू, ती घाबरते."

मी भिंतीला हात टेकला. तिला वाटलं मला ऊन लागलं. ती पाणी आणायला उठली आणि आतून सांगत होती, "काका लय खूश असतात हो. म्हणाले, आता अर्धा माल न्यायचे दिवस गेले, माझ्या मुलीने चासी नवीन करून दिलीय. आता टपापर्यंत भरतात. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं."

पाणी न पिताच मी बाहेर पडले. इतकी वर्षं ते जपून चालवत होते, कारण त्यांना खरं माहीत होतं. खाली गंज आहे हे माहीत असल्यामुळेच ते वाचले होते. ते माहीत असणं मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. आता ते त्याच सडलेल्या चासीवर दुप्पट ओझं टाकून, डोक्यातलं ते अर्धं मिनिट सोबत घेऊन, निर्धास्त चालले होते. माझ्या भरवशावर.

फोन लावले. पप्पा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, हा त्यांचा नियम. त्या माणसाचा फोन लागत नव्हता. मी शहाडच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले, कारण मैदानाकडे जायला तोच रस्ता. पाऊण तास उभी होते. त्या पाऊण तासात मी जे जे कबूल केलं, ज्याला ज्याला हात जोडले, ते लिहायची लाज वाटते. आमच्या घरात नवस-बिवस बोलत नाहीत. मी बोलले.

मग दिसली. गठ्ठे टपाच्याही वर गेलेले, मागची बाजू इतकी दबलेली की नंबर प्लेट रस्त्याला टेकेल असं वाटत होतं, आणि मागे निळ्या पाण्याची धार. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात वर केले. पप्पांनी ब्रेक मारला. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"काय गं, इथे कशी?" ते पोरासारखे ओशाळले. चोरी पकडली गेली ना, स्टेअरिंग सोडायचा शब्द मोडल्याची. "हा शिकतोय, म्हणून जरा..."

"पप्पा, प्लेट नाही लावलेली."

"काय?"

"चासीला प्लेट लावलेली नाही. नुसतं डांबर मारलंय. मी खोटं बोलले."

शेजारी बसलेला तो माणूस आधी माझ्याकडे आणि मग पप्पांकडे बघायला लागला. पप्पा समोर बघत राहिले. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर. मला वाटलं, आला तो त्रास, आणि मी मोजायला लागले. पण तो त्रास नव्हता. त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, सीटखालचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खाली उतरले. ज्यांना कमरेतून वाकता येत नव्हतं ते सदुसष्ट वर्षांचे पप्पा भर रस्त्यात आडवे झाले आणि गाडीखाली गेले. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. खरवडल्याचा आवाज आला, थोडा वेळ. मग थांबला.

ते बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, केसांत लाल भुगा. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले आणि ते काळे हात जोडले. "मी तुला खोटं सांगितलं. माफ कर."

"काका, तुम्हाला कुठे माहीत होतं..."

"शब्द माझा होता."

माल दुसऱ्या टेम्पोत भरला. त्या माणसाचे पैसे पप्पांनी त्याच दिवशी परत केले आणि मधल्या काळात तुझी रिक्षा गेली, धंदा बुडाला, त्याचंही घे म्हणाले. त्याने ते घेतलं नाही. तो मला एक शब्द बोलला नाही, त्याची बायकोही नाही. गाडी भंगारात द्यायचं पप्पांनीच सांगितलं. ती कापायला नेली तेव्हा ते गेले नाहीत. मीच गेले, मीच कागदावर सही केली.

त्यानंतर पप्पांनी कुठल्याही गाडीच्या स्टेअरिंगला हात लावलेला नाही. मी एवढा आटापिटा केला तो ज्यासाठी, ते झालं. पप्पा घरी आहेत, सुखरूप आहेत. माझ्याशी बोलतात, रागावलेले नाहीत, भाजी चांगली झाली की चांगली म्हणतात. बाहेरच्या कोणाला यातलं काही जाणवणार नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोक्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. रिपोर्ट इंग्रजीत असतात. घरात आलेला इंग्रजी कागद मी शाळेत असल्यापासून मीच त्यांना वाचून दाखवत आले आहे. मी वाचला आणि म्हटलं, "पप्पा, चांगला आहे रिपोर्ट. पहिल्यापेक्षा खूप सुधारणा आहे."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, चपला घातल्या आणि जिना उतरून बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याकडे तो वाचून घ्यायला गेले. मी गॅलरीतून बघत होते. मेडिकलवाला वाचत होता, आणि पप्पा त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. रिपोर्ट खरंच चांगला होता.